उधळ्या पुत्राच्या घरातली माणसे

दृष्टान्त हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. श्रीचक्रधरांनी प्रसंगोपात्त सांगितलेल्या लहान लहान गोष्टी केशोबासांनी तेराव्या शतकात एकत्र केल्या आणि 'दृष्टान्तपाठ' हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याची मांडणी मोठी सुबोध आहे. आधी सूत्र, मग दृष्टान्त, आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या गोष्टीने काय सांगावयाचे होते याचा उलगडा. येशू ख्रिस्ताच्या दृष्टान्तांमध्ये ही अखेरची सोय क्वचितच असते. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात आलेली उधळ्या पुत्राची कथा तर इतकी अधुरी सोडलेली आहे की तिचे एक पात्र शेवटच्या वाक्यापर्यंत घराबाहेरच उभे आहे. ते आत गेले की नाही, हे लूक सांगत नाही.

अर्थ सांगितलेला नाही म्हणून तो पात्रांकडूनच काढून घ्यावा लागतो. तो प्रयत्न आज या सदरातून करू या. कथा ख्रिस्ती धर्मग्रंथातील असली तरी तिच्यातला प्रश्न बाप, दोन भाऊ आणि एक शेतीवाडी यांचा आहे. तो समजण्यास कोणत्याही भारतीय कुटुंबाला फार दूर जावे लागत नाही.

कथा थोडक्यात अशी. एका गृहस्थास दोन मुलगे होते. धाकट्याने आपला वाटा मागितला, बापाने मालमत्ता दोघांत वाटून दिली. थोड्याच दिवसांत धाकटा सर्व गोळा करून दूर देशी गेला आणि तेथे त्याने सारे उधळून टाकले. दुष्काळ पडला. तो एकाच्या पदरी डुकरे राखावयास राहिला आणि उपाशी मरू लागला. तेव्हा त्याला शुद्ध आली व घरी जाऊन मजूर म्हणून राहावे असे त्याने ठरविले. बापाने त्याला दुरून पाहिले, धावत जाऊन मिठी मारली, वस्त्र, अंगठी, पायतण दिले आणि पोसलेले वासरू कापून मेजवानी मांडली. थोरला शेतातून परतला, त्याने गाणेबजावणे ऐकले, रागावला आणि आत जाईना. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालू लागला. येथे कथा थांबते.

ही कथा कोणापुढे सांगितली गेली हे ध्यानात ठेवले पाहिजे. रोमी सत्तेसाठी कर वसूल करणारे जकातदार आणि समाजाने पापी ठरविलेली माणसे येशूभोवती जमत, आणि तो त्यांच्या पंक्तीला बसतो म्हणून परूशी व शास्त्री कुरकुर करीत होते. त्या कुरकुरीला उत्तर म्हणून तीन कथा एकापाठोपाठ येतात. पहिलीत १०० मेंढरांपैकी एक हरवते, दुसरीत १० नाण्यांपैकी एक, आणि तिसरीत दोन मुलांपैकी एक. आकडा असा उतरत जातो आणि हानी वाढत जाते. पहिल्या दोन कथांत हरवलेल्या वस्तूचा कसून शोध होतो. मेंढपाळ रानात जातो, बाई दिवा लावून घर झाडते. तिसऱ्या कथेत मात्र शोधावयास कोणीच जात नाही. बाप वृद्ध, तो जाणार कसा? मग जावयाचे कोणी? घरात आणखी एकच पुरुष होता. हा प्रश्न कथेत विचारलेला नाही, पण तीनही गोष्टी सलग ऐकणाऱ्या श्रोत्याच्या मनात तो उभा राहावा अशीच ही रचना आहे, असे मला वाटते.

आता धाकट्याकडे वळू. त्याच्या मागणीत एवढे धक्कादायक काय होते, हे महाराष्ट्रातील वाचकाला चटकन जाणवत नाही, याचे कारण आपल्या जुन्या कायद्यात आहे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेनुसार मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क प्राप्त होतो, म्हणून बाप हयात असताना वाटणी होणे आपल्याकडे दुःखाचे असले तरी नवलाचे नाही. बंगालमध्ये चालत आलेल्या जीमूतवाहनाच्या दायभागाप्रमाणे तसे नव्हते. तेथे मुलाचा हक्क बापाच्या मृत्यूनंतरच उत्पन्न होई. दायभागाच्या संस्कारात वाढलेला वाचक या कथेच्या मूळ श्रोत्याच्या अधिक जवळ आहे, असे म्हणावे लागते. केनेथ बेली या अभ्यासकाने पश्चिम आशियातील खेड्यापाड्यांत अनेक वर्षे राहून तेथील लोकांना या कथेविषयी विचारले होते. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने नोंदविले आहे की, बाप जिवंत असताना मुलाने असा वाटा मागणे म्हणजे बापाच्या मरणाची इच्छा करणे, असेच ते लोक मानीत.

वाटा किती, हेही ठरलेले होते. अनुवादाच्या पुस्तकातील नियमाप्रमाणे ज्येष्ठ पुत्रास दुप्पट भाग मिळे. दोनच मुलगे असतील तर थोरल्यास दोनतृतीयांश आणि धाकट्यास एकतृतीयांश. सुमारे इ. स. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्नात तर अशा हयातीतल्या दानाचे आणखी एक बंधन आढळते. मालकी मुलाची, पण बाप जिवंत असेतो उत्पन्न बापाचे, त्यामुळे दोघांपैकी कोणालाही ती मिळकत मोकळेपणाने विकता येत नसे. धाकट्याने मात्र थोड्याच दिवसांत सारे गोळा केले, म्हणजे बहुधा पैशात रूपांतर करून घेतले. नुसता वाटा मागून तो थांबला नाही. बापाच्या म्हातारपणाची तरतूदही त्याने कमरेला बांधून नेली. मूळ ग्रीक कथेत या ठिकाणी मालमत्तेसाठी जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'जीवन' असाही होतो. बापाने आपले जीवनच दोघांत वाटून दिले.

आणि थोरला? वाटणी दोघांत झाली. त्यालाही त्याचा भाग त्याच दिवशी मिळाला आणि त्याने तो घेतला. धाकट्याला समजाविण्यासाठी किंवा बापाच्या वतीने बोलण्यासाठी त्याने तोंड उघडल्याचे कथेत नाही. त्या दिवसाचे त्याचे मौन पुष्कळ वाचकांच्या नजरेतून निसटते.

दूर देशातील उधळपट्टीवर कथा रेंगाळत नाही, आपणही रेंगाळू नये. डुकरे मात्र महत्त्वाची आहेत. यहुदी माणसाला डुक्कर निषिद्ध, त्याचे मांस तर वर्ज्यच. त्यांची राखण करण्याची पाळी येणे म्हणजे पोटापाठोपाठ जातिधर्मही गेला, असे श्रोत्यांनी ऐकले असणार. डुकरे ज्या शेंगा खात, त्यांनी तरी पोट भरावे असे त्याला वाटू लागले. या भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या कॅरोब वृक्षाच्या गोडसर शेंगा असाव्यात. त्यांच्यासाठी ग्रीक कथेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'लहानसे शिंग', आणि गंमत अशी की, जवाहिऱ्याच्या दुकानात हिऱ्याचे वजन ज्या कॅरटमध्ये सांगतात, तो शब्दही याच शब्दापासून अरबीच्या वाटेने आलेला आहे. एकेकाळी ज्याच्या बोटात अंगठी असावयाची, त्याला त्या शेंगाही कोणी देत नव्हते.

येथे त्याला शुद्ध येते. हा पश्चात्ताप होता काय? प्रवचनकार बहुधा 'होय' म्हणतात. कथा जरा सावधपणे वाचावी. त्याला प्रथम आठवते ते बापाचे दुःख नव्हे, तर बापाच्या मजुरांना मिळणारी पोटभर भाकरी. मग तो एक भाषण मनाशी जुळवितो. त्याचे तीन भाग आहेत: मी पाप केले आहे, मी मुलगा म्हणवून घेण्यास योग्य नाही, मला एक मजूर समजून ठेवा. तिसरा भाग हा विनंतीपेक्षा करार अधिक आहे. मजूर घरातला नसतो. तो रोजावर काम करतो, मजुरी घेतो आणि कोणाच्या उपकाराखाली राहत नाही. भावाच्या अन्नावर जगण्याची नामुष्की टाळण्याचा तो एक मार्ग होता. त्याच्या मनात लबाडी होती असे मला म्हणावयाचे नाही. परंतु भुकेने माणूस जेवढा प्रामाणिक होतो, तेवढाच तो या क्षणी झालेला आहे. कथेने त्याला त्याहून थोर केलेले नाही, आणि हा तिचा संयम मला फार मोलाचा वाटतो.

भाषण मात्र पुरे होत नाही. बापाने त्याला दुरून पाहिले, आणि तो धावला. त्या समाजात पायघोळ झगा घालणारा वयस्क, प्रतिष्ठित गृहस्थ रस्त्यावर धावत नसे. धावावयाचे तर वस्त्र वर उचलून धरावे लागे आणि पाय उघडे पडत. गावाने हसावे असेच ते दृश्य. पण या धावण्याला आणखी एक कारण असू शकेल. वडिलांची मिळकत परक्या देशात घालवून आलेल्या तरुणाला गावच्या वेशीवर कसले स्वागत मिळाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. गावाच्या तोंडी पडण्याआधी बापाच्या मिठीत पडला, तर त्याला कोणी बोट लावणार नव्हते. मुलाने पाठ केलेले बोलावयास सुरुवात केली, पहिले दोन भाग बोलूनही झाले. मजुरीची गोष्ट ओठांवर येण्यापूर्वीच बाप चाकरांकडे वळून हुकूम सोडू लागला होता. काही जुन्या हस्तलिखितांत तिसरा भागही मुलाच्या तोंडी आढळतो. नक्कल करणाऱ्या एखाद्या काळजीवाहू लेखनिकाला वाक्य अपुरे राहिलेले पाहवले नसावे! परंतु बहुतेक विद्वान ते अपुरे वाक्यच मूळचे मानतात.

हुकूम तरी कसले? उत्तम झगा, अंगठी, पायतण. झगा मानाचा, अंगठी अधिकाराची, आणि पायतण यासाठी की, गुलाम अनवाणी असत, पुत्र नसे. मग पोसलेले वासरू. एवढे मांस एका घराला संपणारे नव्हे, म्हणजे गावजेवणच. बापाने मुलाला आधी घरात घेतले आणि लगेच गावात घेतले.

येथे हिशेब करणारा वाचक थबकेल, आणि त्याने थबकावेच. धाकट्याने आपला तिसरा हिस्सा संपविला आहे. घरात जे उरले ते सारे थोरल्याच्या वाट्याचे आहे. मग तो झगा कोणाचा? वासरू कोणाचे? मेजवानीचा खर्च कोणाच्या खाती पडत होता? बाप पुढे थोरल्याला स्वतःच सांगतो की, माझे जे काही आहे ते सर्व तुझेच आहे. ते सांत्वन तर आहेच, पण कायद्याच्या दृष्टीनेही ते अक्षरशः खरे आहे. थोरल्याला न विचारता, तो शेतात राबत असताना, त्याच्या मिळकतीतून त्याच्या भावाचा सन्मान चालला होता. त्याला बोलावणेदेखील गेले नव्हते. घरात काय चालले आहे हे त्याला एका चाकराच्या पोराकडून कळले.

म्हणून थोरल्याचा राग हा मत्सर म्हणून झटकून टाकता येत नाही. ज्या घरात एक मुलगा मुंबईला, कलकत्त्याला किंवा परदेशी निघून जातो आणि दुसरा आईबापांचे आजारपण, कर्जाचे हप्ते आणि शेताचे बांध सांभाळीत मागे राहतो, त्या घरात ही कथा वाचून दाखवावी आणि मागे राहिलेल्याचा चेहरा पाहावा. पाहुण्यासारखा चार दिवस येणाऱ्यासाठी पुरणपोळी होते. रोजच्या माणसाला रोजचेच मिळते. थोरल्याने नेमके हेच गाऱ्हाणे मांडले आहे. इतकी वर्षे राबलो, एकही आज्ञा मोडली नाही, पण मित्रांबरोबर आनंद करण्यासाठी एक करडूसुद्धा कधी मिळाले नाही. वासराच्या शेजारी करडू ठेवण्यात केवढी वेदना साठलेली आहे!

तरीही त्याचे शब्द जरा निरखून पाहावेत. राबलो हे सांगताना तो जे क्रियापद वापरतो ते गुलामाच्या चाकरीचे आहे. धाकटा मजूर होण्याच्या तयारीने घरी आला, आणि थोरला घरात राहूनच गुलाम झालेला होता. पुत्र म्हणून राहणे दोघांनाही जमले नव्हते. शिवाय धाकट्याने पैसा वेश्यांवर उडविला, असे तो म्हणतो. कथेच्या निवेदनात याला आधार नाही. तेथे केवळ बेताल जगण्याचा उल्लेख आहे. हा तपशील थोरल्याने आपल्या मनाने भरला. वर्षानुवर्षे शेतात राबताना दूर गेलेल्या भावाच्या आयुष्याची जी चित्रे त्याने मनात रंगविली असतील, त्यांतलेच हे एक असावे. आणि तिसरी गोष्ट, तो 'माझा भाऊ' म्हणत नाही. बापाशी बोलताना तो धाकट्याला बापाचा मुलगा म्हणतो, जणू त्याचे आपले नाते काहीच नाही. बाप उत्तर देताना तोच शब्द हळूच फिरवितो आणि त्याला थोरल्याचा भाऊ म्हणतो. रागावलेल्या मुलाला हाक मारतानाही तो साधा 'मुलगा' हा शब्द टाळून लहान लेकराला लावावा असा शब्द योजतो.

बापाच्या या दुसऱ्या बाहेर येण्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. भरल्या पंगतीतून यजमानाने उठून जाणे हाही अपमानच, आणि तोही घरच्या मुलाच्या हट्टापायी. सकाळी एकासाठी धावला तो म्हातारा संध्याकाळी दुसऱ्यासाठी अंगणात येऊन विनवीत उभा आहे. तो न्यायाचा मुद्दा खोडून काढीत नाही. तुझे चुकले असे म्हणत नाही. मेजवानीबद्दल क्षमाही मागत नाही. आनंद करणे भागच होते, एवढेच सांगतो. बापाच्या या उत्तराने थोरल्याच्या हिशेबाला उत्तर मिळते काय? माझ्या मते मिळत नाही, आणि बापालाही ते ठाऊक आहे. हिशेब थोरल्याच्या बाजूनेच लागतो. बाप त्याला त्या हिशेबातून उठून आत येण्याची विनंती करतो आहे.

या घरातली आई कोठे आहे, असे एखादी वाचक भगिनी विचारील. कथेत ती नाही. चित्रकारांना मात्र ही उणीव जाणवली असावी. रेम्ब्रांट या डच चित्रकाराने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत या प्रसंगाचे एक विशाल चित्र रंगविले. ते आज सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटाज संग्रहालयात आहे. तारुण्यात त्याने स्वतःलाच मद्याचा पेला उंचावणाऱ्या उधळ्या पुत्राच्या वेषात रंगविले होते. पुढे १६५६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले, १६६८ मध्ये मुलगा टायटस वारला आणि १६६९ मध्ये तो स्वतः गेला. या शेवटच्या चित्रात मुलगा गुडघ्यांवर आहे, डोके मुंडल्यासारखे, एका पायातले पायतण गळून पडलेले. बापाचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर आहेत. ते हात एकसारखे नाहीत, एक रुंद आणि भक्कम, तर दुसरा अधिक नाजूक, असे पुष्कळांनी पाहिले आहे. त्या दुसऱ्या हातात काही जणांना आई दिसते. उजव्या बाजूस एक उंच पुरुष काठीवर हात जुळवून ताठ उभा आहे. तो थोरला मुलगा, असे सामान्यतः मानतात. कथेत तो या भेटीच्या वेळी शेतात होता, पण त्याला वगळून हे चित्र पुरे होत नाही असे रेम्ब्रांटला वाटले असावे.

आपल्याच देशात जन्मलेल्या 'सद्धर्मपुण्डरीक' या बौद्ध ग्रंथाच्या चौथ्या परिवर्तातही एक हरवलेला पुत्र आहे. तो पन्नास वर्षांपर्यंत भटकतो, आणि दरिद्री होऊन नकळत बापाच्या वाड्यासमोर येतो. वैभवात बसलेल्या बापाला तो ओळखत नाही, उलट भिऊन पळतो. हा बाप धावत नाही. तो मुलाला उकिरडा काढण्याच्या कामावर लावतो, स्वतः मळके कपडे घालून त्याच्याजवळ जातो, वीस वर्षे त्याचा विश्वास वाढू देतो आणि मृत्यू जवळ आल्यावर साऱ्यांसमक्ष सांगतो की, हा माझा पुत्र. दोन्ही कथांची तुलना अभ्यासकांनी पुष्कळ केली आहे. एका बापाने मजुरीचा प्रस्ताव ऐकूनही घेतला नाही, दुसऱ्याने मजुरीच्याच वाटेने मुलाला पुत्रपदापर्यंत आणले. घाबरलेल्या मुलाला कोणती वाट सोसवेल, हे प्रत्येक बापाने आपल्या मुलाकडे पाहून ठरविले. परंतु बौद्ध कथेत दुसरा मुलगा नाही. तेथे बापाच्या औदार्याची किंमत दुसऱ्या कोणाला द्यावी लागत नाही.

ख्रिस्ताच्या कथेत ती द्यावी लागते, म्हणूनच ती अधुरी राहते. ज्यांच्यापुढे ती सांगितली गेली, ते कुरकुर करणारे परूशी आणि शास्त्री थोरल्याच्याच जागी उभे होते. नियम पाळणारे, घर न सोडलेले, आणि आत चाललेल्या पंगतीवर रुष्ट. कथेचा शेवट सांगून टाकला असता, तर त्यांच्या वतीने उत्तर देऊन टाकल्यासारखे झाले असते.

दुसऱ्या दिवसाच्या गोष्टीही तशाच राहिल्या आहेत. धाकट्याने पुढे कोणत्या वाट्यावर जगावयाचे? बापाच्या पश्चात थोरल्याच्या घरात त्याचे स्थान काय? सकाळी औत घेऊन दोघे एकाच शेतात जाणार होते काय? अंगठी एका दिवसात बोटात आली, जमीन काही परत आलेली नव्हती. आत नाच चालू आहे, चाकर थाळ्या नेत आहेत, धाकटा त्या उंची झग्यात अवघडून बसला असेल. बाहेर अंधार पडत चालला आहे, आणि बाप अजून अंगणातच आहे.